बाद फोटोंचे ढीग

नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे, तिथे माल बाद झाला की तो लगेच भंगारात टाकत नाहीत. आधी टेबलावर मांडायचा आणि कशाने बाद झाला त्याप्रमाणे ढीग करायचे. भोक मोठं झालं तो एक ढीग, धार राहिली तो दुसरा, ओरखडे तिसरा. सगळ्यात मोठा ढीग कुठला ते कळल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. घरात कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा मी हेच केलं, कारण वस्तू निवडायची दुसरी पद्धत मला येत नाही.

कॅमेऱ्याचं निघालं ते आईच्या पंचाहत्तरीवरून. तिला छापील अल्बम द्यायचा होता. मोबाईलवर फोटो ढिगाने होते, पण लॅपटॉपवर मोठे करून बघितले तेव्हा छापण्याच्या लायकीचे फार थोडे निघाले. बजेट तीस हजार, बॅग आणि कार्ड धरून. आकडा हिने सांगितलेला, त्यामुळे त्यावर चर्चा नव्हती. लग्नाचे किंवा सहलींचे फोटो डोक्यात नव्हते. रोजचे फोटो हवे होते: स्वयंपाकघर, अंगण, पुतण्याचा दंगा, मुलीचा कथकचा रियाज, बुधवारी गंगेवरचा (आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात) बाजार.

गॅलरीतले जे फोटो चांगले यायला हवे होते पण फसले, तेवढे वेगळे काढले आणि प्रत्येकाची माहिती उघडली. शटर किती वेळ उघडं राहिलं, आयएसओ किती, म्हणजे आलेला उजेड किती वाढवून घेतला, हे मोबाईल फोटोबरोबर लिहून ठेवतो. आपण तिथे बोट नेत नाही, एवढंच. सगळ्यात मोठा ढीग झाला दिवेलागणीनंतर घरात काढलेल्या फोटोंचा. आई बागलाणातली, मांडे करण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही. उंडा लाटून झाला की ती तो दोन्ही हातांवर झेलत, फिरवत मोठा करते आणि पालथ्या खापरावर टाकते. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. त्या फोटोंमध्ये खापर स्पष्ट, मागचं कॅलेंडर तारखेसकट स्पष्ट, आणि आईचे हात पुसलेले. शटर कुठे सेकंदाचा १/२०, कुठे १/२५. पुतण्याच्या फोटोंत तर नुसता शर्टाचा रंग कळत होता.

इथे एक गोष्ट नीट समजली. आपला हात हलतो, त्याचा बंदोबस्त मोबाईलवाल्यांनी केलेला आहे. आतली लेन्स किंवा उजेड टिपणारा सेन्सर उलट दिशेला सरकून तो हादरा खाऊन टाकतो. पण समोरचं माणूस हललं तर त्यावर हा इलाज चालत नाही. तिथे शटरच लवकर मिटायला हवं, आणि शटर लवकर मिटायचं तर थोड्या वेळात भरपूर उजेड आत यायला हवा. लाटणाऱ्या हातांना निदान १/१०० आणि पळणाऱ्या पोराला १/२५० लागतं, असा मी अंदाज धरला.

दुसरा ढीग पोर्ट्रेट मोडचा. मागचं धूसर करण्याच्या नादात मोबाईलने आईच्या चष्म्याची काडी गायब केलेली, मुलीच्या मोकळ्या केसांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या. तिसरा ढीग लांबून काढलेल्यांचा, म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचं स्टेज वगैरे. हा सगळ्यात लहान. म्हणजे झूम ही आमची अडचणच नव्हती. कागदावर एवढंच लिहिलं: ट्यूबच्या उजेडात हलणारं माणूस. आणि एम. जी. रोडला गेलो.

काउंटरवरच्या मुलाने माझा कागद बघितला नाही. बजेट ऐकलं आणि एक काळा, धिप्पाड कॅमेरा समोर ठेवला. "काका, हा घ्या. चाळीस पट झूम. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

चंद्राचा फोटो मला आयुष्यात एकदाच काढायचा होता. मी विचारलं, सेन्सर केवढा आहे? त्याने मेगापिक्सेल सांगितले. पुन्हा विचारलं तर खोक्यावर शोधायला लागला. अशा लांब झूमच्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. हौशी लोकांच्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात, एपीएस-सी मापाचा येतो, निकॉनचा साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढा, तेरापट फरक पडतो. सेन्सर तेवढासा असतो म्हणूनच तर चाळीस पट झूम त्या अंगात मावतो. भर उन्हात त्याने काही बिघडत नाही. आमच्या ट्यूबखाली मात्र तो कॅमेरा मोबाईलच्या पुढे जाणार नव्हता, उलट मागे पडला असता. मोबाईल निदान एकावर एक पाच-सहा फोटो घेऊन जुळवाजुळव तरी करतो.

त्याच काउंटरवर "एक इंची सेन्सर" असंही ऐकलं. व्हर्नियर हातात घेऊन नोकरी करणाऱ्या माणसाला याचा त्रास होतो. त्या सेन्सरची लांबी १३.२ आणि रुंदी ८.८ मिलिमीटर, कर्ण १६ च्या आत. इंच त्यात कुठेच नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांची मापं अजून चालू ठेवलीत. आमच्या ड्रॉइंगवर असं माप लिहून आलं असतं तर मी माल गेटवरून परत पाठवला असता.

मेगापिक्सेलचा हिशेब तिथेच पेनाने केला. ६ बाय ४ इंचाची प्रिंट, इंचाला ३०० ठिपके. म्हणजे १८०० गुणिले १२००, साडेएकवीस लाखांच्या जरा पुढे. दोन मेगापिक्सेलमध्ये काम झालं. अख्ख्या ए-फोर पानालाही नऊच्या आत भागतं. दुकानातल्या सगळ्यात स्वस्त कॅमेऱ्यालाही त्याहून जास्त होते, त्यामुळे हा आकडा मी यादीतून काढूनच टाकला.

नवीन मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला त्याच जातीचा कॅमेरा, बजेटच्या दुप्पट. नवीन, सगळ्यात खालच्या पायरीची डीएसएलआर बजेटच्या थोडी वर, आणि त्याबरोबर बॅग, ट्रायपॉड, कार्ड "फ्री". पण तिच्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स पूर्ण झूमला एफ/५.६ पर्यंत मिटते. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे बॉडी नवी कोरी घेऊन किट लेन्सवर थांबलो असतो तर सगळे पैसे भलत्या ठिकाणी गेले असते. बॉडी जुनी चालेल, तोंड मोठं असलेली लेन्स हवी, हे त्या दुकानाच्या पायरीवर ठरलं.

दुसऱ्या एका दुकानात नवीनच कॅमेरा कमी भावात देतो म्हणाले, बिलाशिवाय. वॉरंटी? "दुकानाची." डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या जानेवारीत २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी १८ टक्के म्हणजे तीस हजारांच्या वस्तूवर मोह पडेल एवढी रक्कम होते. पण बाहेरून आलेल्या अशा मालाला कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावत नाही, आणि पुढे विकायला गेलं की बिल पहिलं मागतात. मी नमस्कार करून निघालो.

हिचं मत वेगळं होतं. तिने मैत्रिणीकडे सोनीचा आरएक्स१०० बघितला होता, २०१२ चं पहिलं मॉडेल. वजन २४० ग्रॅम, पर्समध्ये मावतो. "तुमचा तो धोंडा भाजी आणायला कोण नेणार? आणि नेलात तर पिशवी कोण धरणार?" प्रश्न रास्त होता. या कॅमेऱ्याचा मी गंभीरपणे विचार केला. सेन्सर तोच, इंच नसलेला एक इंच. लेन्स एफ/१.८, पण झूम न करता. पुढे नेत गेलं की ४.९ पर्यंत खाली येते. डोळ्याला लावायला व्ह्यूफाइंडर नाही, भर दुपारी घाटावर स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. आणि जुन्या कॉम्पॅक्टची लेन्स मोटारीवर आतबाहेर होते. ती अडकली, आत धूळ गेली, तर दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. बदलता येणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात एक भाग गेला तर तेवढाच भाग बदलतो. यावर आमचं घरात एकमत झालं नाही, पण फोटो काढणारा मी होतो.

सेकंड हँड बाजाराबद्दल एक सांगतो. लग्नाचे फोटोग्राफर झाडून मिररलेसकडे वळले, त्यामुळे त्यांच्या जुन्या डीएसएलआर आणि लेन्स ढिगाने विकायला आहेत. लेन्स त्यांच्याकडून घ्यावी, बॉडी शक्यतो नाही. लग्नसराईत एकेका दिवसात हजारो क्लिक होतात आणि शटर ही घासणारी वस्तू आहे. निकॉनच्या डी५३०० सारख्या बॉडीचं शटर एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. त्यानंतर लगेच मोडतं असं नाही, पण पुढचं आयुष्य नशिबावर. बॉडी घ्यावी ती हौसेने घेऊन कपाटात पडलेली. अशा बॉड्या आपल्या भागात खूप आहेत. मुलगा इंजिनिअरिंगला असताना वडिलांनी घेऊन दिलेली असते, मग मुलगा पुण्याला नोकरीला जातो, कॅमेरा इथेच राहतो.

कॅनन की निकॉन, हेही लेन्सनेच ठरवलं. कॅननची २००डी मला मनापासून आवडली. ४५३ ग्रॅम, आणि स्क्रीनवर बघून फोटो काढायचे असतील तर तिचा फोकस निकॉनपेक्षा किती तरी चपळ. पण कॅननची स्वस्त मोठ्या तोंडाची लेन्स ५० एमएमची, आणि एमएमचा आकडा मोठा तेवढं फोटोत कमी मावतं. निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ लेन्स जुन्या बाजारात सहज मिळत होती. ५० घ्यावी की ३५, यावर लोक वाद घालत बसतात. माझ्या बॉसच्या मुलाकडून किट लेन्स लावलेला कॅमेरा एका रविवारी मागून आणला, झूमची रिंग ५० वर ठेवून चिकटपट्टी लावली आणि घरभर फिरलो. स्वयंपाकघरात पाठ फ्रिजला टेकली तरी आई छातीपासून वर एवढीच मावत होती, खापर बाहेर. चिकटपट्टी काढून ३५ वर लावली तर आई, खापर आणि तिच्या शेजारी बसलेली मुलगी, तिघं आत. वाद संपला.

यात एक खाच आहे. "निकॉनची एफ/१.८ अगदी स्वस्तात" म्हणून जी ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स दाखवतात, तिच्यात फोकसची मोटार नसते. मोटार बॉडीत असावी लागते, आणि डी३००० व डी५००० मालिकेच्या बॉडीत ती नाही. लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवायचा. पळणाऱ्या पोराच्या मागे हाताने फोकस फिरवून बघा. नावात एएफ-एस, म्हणजे मोटार लेन्समध्येच, असं आहे का, ते वाचून घ्यावं.

तपासणी हा माझा धंदा, त्यामुळे बघायला जाताना तयारीने जायचो: मोकळं मेमरी कार्ड, मोबाईलचा टॉर्च, लॅपटॉप. पहिली बॉडी दाखवणाऱ्याने "घरातच वापरलाय, दोन-चार हजार क्लिक" असं सांगितलं. निकॉन प्रत्येक जेपीजी फोटोच्या आतल्या नोंदीत शटरचा एकूण आकडा लिहून ठेवतो. एक फोटो काढून लॅपटॉपवर उघडला तर आकडा लाखाच्या पुढे. त्याने तो बघितला, मीही बघितला, आणि आम्ही पावसाबद्दल बोललो. कॅननच्या बहुतेक फोटोंत हा आकडा नसतो, तिथे वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, पण लोक करत नाहीत. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो घ्यायचा. काळ्यात लाल-निळे ठिपके चमकले तर ते पिक्सेल गेलेले. मग लेन्स एफ/२२ वर मिटवून मोकळ्या आभाळाचा फोटो. सेन्सरवरची धूळ करड्या डागांसारखी दिसते, ती साफ होते, भावात धरायची. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवायची, डोलली तर फुगलेली आहे. लेन्स बसवून हलकेच हिसडा द्यायचा, खेळ लागता कामा नये. बॉडीवरचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा. बिल नसेल तर वस्तू कुणाची, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

लेन्सला बुरशी बघण्यासाठी दोन्ही झाकणं काढून एका बाजूने टॉर्च तिरका धरायचा आणि दुसऱ्या बाजूने आत बघायचं. दोन-चार धुळीचे कण असतातच, त्याने फोटोत काही होत नाही. बुरशी वेगळी दिसते. काचेच्या कडेपासून आत सरकणारे बारीक, फाटे फुटलेले पांढरे तंतू. सिडकोत एकाकडे मिळालेल्या ३५ च्या लेन्समध्ये ते स्वच्छ दिसले. सरळ बघितलं तर काच चकाचक. तो म्हणाला, पावसाळ्यात बॅगेतच राहिली हो. बॅगेत ठेवणं हेच तिचं कारण. कापड आणि फोम ओल धरतात.

शेवटी बॉडी मिळाली पाथर्डी फाट्याजवळ, डी५३००, किट लेन्ससकट. मुलगा खरोखरच पुण्याला होता, वडिलांनी कॅमेरा दाखवला. शटर नऊ हजारांच्या घरात, बिल खोक्यातच घडी घालून. वडिलांनी चहा दिला आणि भाव करताना मात्र अजिबात हलले नाहीत. एकोणीस हजार. ३५ एमएम एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून साडेआठ हजारांना घेतली, टॉर्च लावून, रिंग फिरवून. उरलेल्यात कार्ड, आणि फोटो मोबाईलवर घ्यायला छोटा कार्ड रीडर. कॅमेऱ्यात वायफाय आहे, पण त्याच्या नादी लागण्यापेक्षा कार्ड काढून लावणं लवकर होतं.

पहिल्याच संध्याकाळी एक नवीन अडचण. शटर १/२५० ठेवून ट्यूबखाली ओळीने फोटो काढले तर एक उजळ, पुढचा मंद, तिसरा पिवळसर. कॅमेरा खराब नव्हता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. शटर त्याहून लवकर मिटलं की कधी उजळ क्षण मिळतो, कधी मंद. शटर १/१०० वर नेलं, एक पूर्ण हेलकावा आत आला, आणि सगळे फोटो सारखे. तेव्हापासून घरात शटर प्रायॉरिटीला (शटर मी ठरवायचं, बाकी कॅमेऱ्याने) १/१००, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. अंगणात पुतण्यासाठी १/२५० किंवा जास्त. आईचे हात आता हातांसारखे येतात. उंड्यावरची बोटांची वळणं मोजता येतात. लेन्स पूर्ण उघडी असली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा किंचित मऊ, असं जवळून होतं. चार माणसं ओळीत उभी असली तर एफ/४ वर यावं लागतं, मग उजेडही मागावा लागतो.

मोबाईल हद्दपार झालेला नाही. पांडवलेण्यांच्या आतून बाहेरच्या उन्हातलं शहर घ्यायचं असेल तर मोबाईल सरस, कारण तो उजेड-अंधार जुळवून देतो. रंगपंचमीला रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदापाशी, कॅमेरा नेणाऱ्याची मला कीव येते. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरतो. तो तवा वेगळा ठेवावा लागला, हे सांगायला नको.

मध्यंतरी मेहुणा आला. "दाजी, मलाही असाच घेऊन द्या. अगदी हाच." मी म्हटलं, आधी तुझे बाद फोटो दाखव. तो निफाडचा, हिवाळ्यात दर रविवारी नांदूरमध्यमेश्वरला जातो. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं, महाराष्ट्रातलं त्या यादीतलं पहिलं पाणथळ. त्याच्या मोबाईलमध्ये पाणी होतं, पलीकडचा काठ होता, आणि मध्ये काही ठिपके होते, ज्यांना तो नावानिशी ओळखत होता. हा कोतवाल, हा रोहित. सगळे सकाळी आठ-नऊच्या स्वच्छ उन्हातले, पक्षी बसलेले. घरातला फोटो एकही नाही.

त्याला घेऊन एम. जी. रोडच्या त्याच दुकानात गेलो आणि चाळीस पट झूमवाला काढायला सांगितला. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे संशयाने बघितलं. "काका, तुम्हीच ना नको म्हणाला होता?"

"मला नकोच आहे," मी म्हटलं. मेहुण्याने बिल, नंबर, वॉरंटी कार्ड बघून घेतलं. निघताना त्याने विचारलं, यात रात्रीचे फोटो कसे येतात?

"रात्री झोपायचं," मी म्हटलं. "पक्षीही झोपतात."